कीलमधील एक सायंकाळ: मज्जारज्जूतील इंजेक्शन आणि मिनिटामिनिटाची नोंद

२४ ऑगस्ट १८९८. जर्मनीतील कील शहर. शल्यविशारद ऑगस्ट बियर आणि त्याचा सहायक ऑगस्ट हिल्डेब्रांट एकमेकांच्या पाठीत सुई खुपसण्याच्या तयारीत आहेत. आज सिझेरियनच्या वेळी पाठीत जे इंजेक्शन देतात, त्याची ही जन्मकथा. मात्र हा धागा त्या इंजेक्शनाइतकाच त्याच्या नोंदवहीविषयीही आहे.

थोडे मागे जाऊ. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखविले. प्रवासखर्च परवडत नसल्याने हायडेलबर्गच्या परिषदेत त्याचा निबंध दुसऱ्यानेच वाचला. न्यू यॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड याने लगेच पुढची पायरी गाठली. कोकेन थेट मज्जातंतूपाशी टोचले, तर तो तंतू ज्या भागाला संवेदना पुरवितो तो सारा भाग बधिर होतो. आजच्या ‘नर्व्ह ब्लॉक’चे तत्त्व हेच.

हॉल्स्टेड आणि त्याचे सहकारी हे प्रयोग स्वतःवरही करीत आणि त्यातूनच ते कोकेनच्या आहारी गेले. १८८५ मधील त्याच्या लेखाचे पहिलेच वाक्य इतके लांबलचक आणि विस्कळीत आहे की अर्थ हाती लागत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा दस्तऐवज विरळाच लाभतो. औषधाचा परिणाम लेखात सांगितलेला नाही; तो लेखाच्या वाक्यरचनेतच उतरला आहे. पुढे श्रेयाचा प्रश्न निघाला, तेव्हा ही अपुरी नोंद हॉल्स्टेडला भोवली. अमेरिकेतील दंतवैद्यांनी त्याचा गौरव केला तो १९२२ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी.

आता पुन्हा कील. पाठीच्या कण्यात सुई घालून मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढण्याची पद्धत हाइनरिख क्विंके याने १८९१ मध्ये वर्णिली होती. तोही कीलचाच प्राध्यापक. बियरने त्याच वाटेने कोकेन आत सोडले. १६ ऑगस्टला पहिली शस्त्रक्रिया झाली, क्षयाने घोटा सडलेल्या ३४ वर्षांच्या एका मजुरावर. वेदना झाली नाही. नंतर मात्र उलट्या झाल्या आणि डोके दुखू लागले. इतर रुग्णांच्याही अशाच तक्रारी आल्या, तेव्हा बियरने स्वतःवर प्रयोग करण्याचे ठरविले. हा क्रम ध्यानात घ्यावा: आधी रुग्ण, मग स्वतः. चरित्रकार सहसा उलट क्रमाचा आभास निर्माण करतात.

बियरवरील प्रयोग फसला. पिचकारी सुईला नीट बसेना; औषध सांडले आणि पुष्कळ द्रव वाहून गेला. मग हिल्डेब्रांट पुढे आला. त्याला ५ मिलिग्रॅम कोकेन दिले गेले आणि नोंद सुरू झाली. १० मिनिटे: मोठी सुई मांडीच्या हाडापर्यंत नेली, वेदना नाही. १३ मिनिटे: पेटती सिगार टेकविली, उष्णता जाणवते, वेदना नाही. २३ मिनिटे: नडगीवर लोखंडी हातोड्याचा जोरदार घाव, वेदना नाही. २५व्या मिनिटाची चाचणी इथे सभ्यपणे सांगणे अवघड आहे. सुमारे ४५ मिनिटांनी संवेदना परतू लागल्या.

त्यानंतर दोघे जेवले, मद्य प्याले, सिगारी ओढल्या. मध्यरात्रीच्या सुमारास हिल्डेब्रांटचे डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या. बियरला दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला आणि तो ९ दिवस टिकला. आडवे पडले की दुखणे थांबे, उभे राहिले की परत येई.

१८९९ च्या निबंधात बियरने यशाबरोबर हा त्रासही लिहून ठेवला आणि वाहून गेलेल्या द्रवाशी त्याचा संबंध जोडला. विजयाच्या भरात हा तपशील गाळणे किती सोपे होते! मला या साऱ्या प्रकरणात हातोड्यापेक्षा ही नोंदच धाडसी वाटते. त्या मजुराचे नाव मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही; पोहोचले ते वय, व्यवसाय आणि सडलेला घोटा.

बियरचा तर्क बरोबर होता. सुईच्या छिद्रातून द्रव झिरपत राहिला की ही डोकेदुखी होते. १९६० मध्ये अमेरिकन शल्यविशारद जेम्स गॉर्मली याच्या ध्यानात आले की सुई टोचताना रक्त आलेल्या रुग्णांचे डोके कमी दुखते. म्हणून त्याने रुग्णाचेच दोन-तीन मिलिलिटर रक्त त्या छिद्रापाशी टोचून पाहिले. ही डोकेदुखी हटत नसेल, तर आजही याच उपायाचा आधार घेतात. रक्त तेवढे जास्त वापरतात.