मातीचे पैसे

आमच्या आजीच्या लोखंडी पेटीत तळाला एक कोरं लुगडं घडी घालून ठेवलेलं होतं. नेकनूरच्या आठवडी बाजारातून तिनं ते स्वतः पारखून घेतलं होतं. त्याच्या पदराच्या टोकाला गाठ, आणि गाठीत नोटा. लहानपणी मी एकदा ती गाठ सोडायला गेलो तेव्हा ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "ठिव बाबा, मातीचे पैसे हायेत ते."

आमच्या बीडकडे अंत्यविधीला 'माती' म्हणतात. "माती किती वाजता हाय?" असा निरोप येतो आणि माणसं हातातलं काम टाकून निघतात. आजीला चार मुलं, सगळी गावात. तिच्या मातीला कुणी कमी पडणार नव्हतं. तरी तिनं तरतूद करून ठेवली होती. कुणाच्या मिंधेपणात जायचं नाही, एवढंच.

गल्लीतले हजला निघणारे चाचा उधारी फेडून, घरोघरी जाऊन "कहा-सुना माफ करना" म्हणून मगच निघायचे. परत आलो तर आलो! मठात बंकटस्वामींच्या परंपरेतलं कीर्तन असलं की मरणावर हमखास दोन गोष्टी व्हायच्या, आणि ऐकून घरी येताना लोक हरभऱ्याच्या भावाबद्दल बोलायचे. मरण हा काही दबक्या आवाजात बोलायचा विषय नव्हता.

आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यातला ताप. मी इथे ब्रिस्टलला अकरा वर्षं एकटाच राहतो. तीन दिवस अंथरुणात होतो. चौथ्या दिवशी फोन चार्जिंगला लावला तर ताईचे सतरा मिस्ड कॉल. ती रडली नाही, भांडलीसुद्धा नाही. एकच प्रश्न विचारला, "तुला तिकडं काही झालं तर आम्हाला कोण सांगणार रे?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

मला इतिहास वाचायची खोड आहे. स्वतःच्या प्रश्नाला सरळ भिडायचं नसलं की मी जुन्या लोकांकडे जातो. (ताई याला पळवाट म्हणते.) तर म्हटलं, आपल्या आधी जी माणसं इकडे आली आणि इकडेच संपली, त्यांनी काय केलं ते तरी पाहू.

सुरुवात माझ्याच शहरात होते. राजा राममोहन रॉय इथे ब्रिस्टलजवळच्या स्टेपल्टनमध्ये २७ सप्टेंबर १८३३ रोजी वारले. मोगल बादशहाचे वकील म्हणून ते विलायतेला आले होते. त्यांना एका गोष्टीची धास्ती होती. ख्रिस्ती दफनभूमीत ख्रिस्ती विधीनं आपल्याला पुरलं तर जात गेली असं ठरेल आणि गावाकडे मुलांच्या वारसाहक्कावर गदा येईल. म्हणून आपल्याला स्वतंत्र जागेत, कुठलाही विधी न करता पुरावं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. दहन मागण्याची सोयच नव्हती, कारण इंग्लंडमधलं पहिलं दहनगृह वोकिंगला सुरू झालं ते १८८५ साली. मित्रांनी शब्द पाळला. ते जिथे राहिले होते त्या घराच्या आवारात, झाडांखाली, कुणी काही न बोलता त्यांना पुरलं गेलं. पण ती जागा खासगी. शेवटी दहा वर्षांनी, १८४३ साली, द्वारकानाथ टागोरांच्या पुढाकारानं त्यांना आर्नोस व्हेल दफनभूमीत हलवलं आणि वर बंगाली घाटाची छत्री उभी राहिली. मी रविवारी कधी कधी तिकडे चालत जातो. छत्रीच्या पायरीवर बसलं की आपण क्षणभर इंग्लंडात नसतो.

आता दुसरी गोष्ट, आपल्या मराठी मुलखातली. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. म्हणजे शाहू महाराजांच्या आधीचे, ज्यांच्या नावानं राजाराम कॉलेज आहे ते. १८७० साली ते इंग्लंडच्या प्रवासाला आले. वय अवघं वीस. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समधल्या हॉटेलात वारले. विसाव्या वर्षी मरणाची तजवीज कोण करून ठेवतो? सोबतच्या लोकांवर आभाळ कोसळलं असणार. अनोळखी शहर, अनोळखी भाषा, आणि दहन तिथे कुणी पाहिलेलं नाही. तरी सरकारदरबारी परवानगी मिळवली गेली आणि रात्रीच, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. नद्यांचा संगम शोधून काढणाऱ्या त्या कोल्हापूरकरांचं मला फार कौतुक वाटतं. त्या अवस्थेतही त्यांना प्रयागच दिसलं. पुढे १८७४ साली तिथे छत्री आणि महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला. जवळच १९७०च्या दशकात बांधलेल्या पुलाला आज फ्लॉरेन्सचे लोक 'इंडियानो'चा पूल म्हणतात.

पण लक्षात घ्या, ते राजे होते. बरोबर इंग्रज अधिकारी होता, ब्राह्मण होते, सेवक होते, तिजोरी होती. म्हणून तजवीज नसतानाही निभावलं. आमच्या बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कोयता घेऊन त्याच कोल्हापूर-सांगलीकडे जातो. फडात कुणी दगावलं तर टोळीतली माणसंच टेम्पो करून मयत गावी आणतात. आमच्याकडे परदेश कोल्हापूरपासूनच सुरू होतो म्हणा ना! पण त्या माणसालाही टोळी असते. एकट्या माणसाला राजाचा लवाजमा नाही आणि कोयत्याची टोळीही नाही. त्याच्याकडे असतो फक्त कागद.

कागद म्हटलं की विठ्ठलभाई पटेल आठवतात. सरदारांचे थोरले बंधू, मुंबईचे महापौर, मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष. २२ ऑक्टोबर १९३३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये वारले, तेव्हा शुश्रूषेला सुभाषचंद्र बोस होते. विठ्ठलभाईंनी मृत्युपत्र केलेलं होतं. उरलेली मालमत्ता सुभाषबाबूंच्या हाती द्यावी आणि ती भारताच्या राजकीय उन्नतीसाठी, शक्यतो परदेशातल्या प्रचारासाठी वापरावी, असा त्याचा आशय. हेतू स्वच्छ, पण शब्द सैल. 'राजकीय उन्नती' म्हणजे नेमकं काय? ही देणगी सुभाषबाबूंना की एखाद्या कार्याला? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १९३९ साली ती तरतूद संदिग्ध म्हणून रद्द ठरली. एका बाजूला बोस, दुसऱ्या बाजूला सख्खा भाऊ. जाणाऱ्याला हे असं व्हायला हवं होतं का? मुळीच नाही.

आणि आता ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते श्यामजी कृष्ण वर्मा. मूळचे कच्छ-मांडवीचे, शाळा मुंबईची. आपल्याला ते माहीत असतात लंडनच्या 'इंडिया हाऊस'मुळे. १ जुलै १९०५ रोजी हायगेटमध्ये त्यांनी ते सुरू केलं आणि पुढच्या वर्षी टिळकांच्या शिफारशीनं सावरकर तिथे दाखल झाले, शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन. सेनापती बापट तिथलेच. १९०७ साली इंग्रज सरकारचा डोळा चुकवून श्यामजी पॅरिसला गेले आणि १९१४ साली जिनिव्हाला. त्यानंतर ते कुठेच गेले नाहीत. मूलबाळ नाही. जुने सहकारी पांगलेले, काही फासावर गेलेले, काही अंदमानात. ते आणि पत्नी भानुमती, दोघंच.

या माणसानं १९०३ च्या डिसेंबरात हर्बर्ट स्पेन्सरचा अंत्यविधी पाहिला होता. लंडनच्या गोल्डर्स ग्रीनला, धर्मविधीशिवाय दहन. त्याच वेळी त्यांनी ऑक्सफर्डमध्ये स्पेन्सरच्या नावानं व्याख्यानमाला सुरू करायला हजार पौंड जाहीर केले. म्हणजे मरणाच्या प्रसंगी भावनेबरोबर व्यवहारही बोलायचा, हे त्यांच्या स्वभावातच होतं.

जिनिव्हाला त्यांनी स्वतःसाठी तेच केलं. तिथल्या प्रशासनाशी आणि सेंट जॉर्ज दफनभूमीशी आगाऊ करार केला, पैसे भरले. आपल्या आणि पत्नीच्या अस्थी शंभर वर्षं जपून ठेवाव्यात आणि भारत स्वतंत्र झाला की तिकडे पाठवाव्यात. ३० मार्च १९३० रोजी ते वारले. लाहोरच्या तुरुंगात भगतसिंगांनी आणि सोबत्यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. टिळकांनी सुरू केलेल्या 'मराठा'नंही वाहिली.

मागे राहिल्या भानुमती. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. पण मला त्यांचीच तीन वर्षं दिसत राहतात. परक्या गावात एकटी बाई, नवऱ्याचा अस्थिकलश दफनभूमीत, आणि त्याच्या शेजारी आपली जागा आधीच भरलेली, पावतीसकट! १९३३ साली त्याही गेल्या आणि दुसरा कलश पहिल्याशेजारी ठेवला गेला. तो करार झाला नसता तर त्यांचं कुणी काय केलं असतं?

इतकं वाचून मला वाटलं, मिळालं उत्तर. श्यामजींसारखं करायचं. स्पष्ट लिहायचं, पैसे भरायचे, मुदत घालायची.

मग हिशेब मांडला आणि थबकलो. देश स्वतंत्र झाला १९४७ साली. अस्थी परत आल्या २००३ साली. २२ ऑगस्टला गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी जिनिव्हाला कलश ताब्यात घेतले आणि ते मांडवीला नेले गेले. तिथे २०१० साली स्मारक झालं. मध्ये गेली छप्पन्न वर्षं! अट पूर्ण झाली होती, सरकार आपलं होतं, कलश जागेवर होते. जिनिव्हानं आपला शब्द चोख पाळला. मुदत संपायला सत्तावीस वर्षं उरली असताना कुणीतरी न्यायला आलं.

कागद अस्थी सांभाळतो. न्यायला यायला माणूस लागतं.

राममोहन रॉय यांना माणसं होती, कायमची जागा नव्हती. विठ्ठलभाईंना कागद होता, पण सैल. श्यामजींचा कागद पक्का होता, पण दुसऱ्या टोकाला वाट पाहणारं घरचं कुणी नव्हतं. दोन्ही लागतं. गंमत म्हणजे इथला कायदाही तेच सांगतो. १८८२ सालच्या विल्यम्स खटल्यापासून इंग्लंडात असं धरलं जातं की मृतानं आपल्या देहाबद्दल व्यक्त केलेली इच्छा कायद्यानं बंधनकारक नाही. मृत्युपत्रात नेमलेला निष्पादक ठरवेल ते खरं. म्हणजे "मला जाळा, पुरू नका" असं नुसतं लिहून भागत नाही, ते ऐकणारा माणूस नेमावा लागतो. आणि कुणीच नसेल तर १९८४ च्या कायद्याप्रमाणे अंत्यविधी स्थानिक कौन्सिल करतं. ते वाईट करतं असं नाही. पण तिथे "माती किती वाजता हाय?" असं विचारणारं कुणी नसतं.

तर मंडळी, मागच्या आठवड्यात मी तीन कामं केली. एकट्या राहणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर होवो, म्हणून लिहितो.

पहिलं, दोन मृत्युपत्रं. एक इथल्या पैशाअडक्याचं, दुसरं नेकनूरच्या शेताच्या वाट्याचं, कारण जमिनीला ती जिथे आहे तिथला कायदा लागतो. दोन्हींना दोन-दोन साक्षीदार, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घेतलं नाही. "याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" हे ठरीव वाक्य दुसऱ्यात जसंच्या तसं राहू दिलं असतं तर पहिलं उडालं असतं. वेळीच लक्षात आलं.

दुसरं, एक पान. कुणाला आधी फोन करायचा, पासपोर्ट कुठे आहे, बँक कुठली. देह पाठवायचा नाही, दहन इथेच करायचं. देह न्यायचा तर मृत्यूचा दाखला, पासपोर्ट रद्द करणं, वकिलातीचं ना-हरकत पत्र, देह टिकवण्याचा आणि पेटी सीलबंद केल्याचा दाखला, इतकं सगळं लागतं. भारत सरकारनं २०२३ साली 'ई-केअर' पोर्टल सुरू केल्यापासून तिकडची परवानगी लवकर मिळते म्हणतात. पण हा व्याप भाच्याच्या गळ्यात कशाला? अस्थींनाही कागद लागतात, पण त्या एका माणसाच्या पिशवीत मावतात.

तिसरं काम सगळ्यांत अवघड. माणसं नेमणं. इथे शेजारच्या खोलीतल्या केरळच्या नर्सबाईंना घराची किल्ली दिली. रोज सकाळी मी त्यांना एक मेसेज करतो. दुपारपर्यंत आला नाही तर त्या दार उघडणार. त्यांच्यासाठी मी तेच करणार. आणि तिकडे भाचा.

ताईला फोन करून सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं, आता रडणार. मग विचारलं, "राख कुठं सोडायची ते लिवलंस का?"

राहिलंच होतं. राजाराम महाराजांना आर्नोचा संगम दिला, श्यामजींची शंभर वर्षांची सोय सांगितली, आणि स्वतःची नदी लिहायची राहिली!

"राक्षसभुवनला," ती म्हणाली. "आजीची तिथंच सोडली. गोदावरीला पाणी असलं तर बरं." मग थोडं थांबून, "आन् पैसे कशात ठिवलेस?"

"वेगळ्या खात्यात."

"गाठ मारून ठिव," ती म्हणाली, आणि मग मात्र दोघंही हसलो.