बर्फ वितळविणारें घड्याळ

यवतमाळ जिल्ह्याच्या वैशाखांत पाणी गार करण्याचें काम पिढ्यानुपिढ्या माठानें केलें आणि घर गार ठेवण्याचें काम वाळ्याच्या पडद्यानें. दोहोंचें तत्त्व एकच : पाण्याची वाफ होतांना ती भोंवतालची उष्णता घेऊन जाते. वऱ्हाडच्या कोरड्या हवेंत हा उपाय चांगला चाले. परंतु त्यानें दूध दोन दिवस टिकत नसे, मग लस टिकण्याची गोष्टच नको. त्यासाठीं बर्फ हवा होता.

मुंबईंत असा बर्फ 1834 सालीं समुद्रमार्गें आला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या गोठलेल्या तळ्यांतून तो कापीत आणि लांकडाच्या भुशांत दाबून जहाजांत भरीत. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा या व्यापाराचा प्रवर्तक. त्याची सारी चिंता एकच होती : बर्फ वितळूं नये. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बर्फ करणारीं यंत्रें आलीं, विसाव्या शतकांत तीं घरांत शिरलीं, आणि 1958 सालीं मुंबईच्या गोदरेज कंपनीनें भारतीय बनावटीचा रेफ्रिजरेटर बाजारांत आणला. येथें चिंतेची दिशा उलटली. आतां प्रश्न असा पडला कीं, नको असलेला बर्फ वितळवावा कसा?

हा बर्फ येतो हवेंतून. कपाटाचें दार उघडतांच बाहेरची हवा आंत शिरते आणि तिच्यांतील बाष्प गार नळ्यांवर गोठून बसतें. या हिमाच्या कणाकणांमध्यें हवा कोंडलेली असते; म्हणून तो थर नळ्यांवर घोंगडीसारखा पांघरला जातो आणि थंडी नळ्यांपाशींच अडते. यंत्र धांवत राहतें, वीज जळत राहते, पण दूध नासतें. यवतमाळास हें संकट वैशाखापेक्षां श्रावणांत अधिक जाणवतें, कारण हिमाला उन्हाळा नव्हे, ओल लागते.

आरंभीं याचा उपाय हातानेंच होई. आठवड्या-पंधरवड्यानें कपाट बंद करावयाचें, दार उघडें टाकावयाचें आणि खालीं साचलेलें पाणी ओतून द्यावयाचें. ज्यांना धीर नसे ते सुरीनें बर्फ खरवडीत. सुरी नळींत शिरे, आंतला वायु निघून जाई आणि दहा मिनिटांच्या घाईपायीं सारें यंत्र निकामी होई. नंतर एका बटनाची सोय झाली. बटन दाबलें कीं काँप्रेसर थांबे आणि हिम वितळल्यावर आपोआप सुरू होई. पण तें दाबण्याची आठवण माणसालाच ठेवावी लागे.

ती आठवण यंत्राच्या स्वाधीन झाली डिफ्रॉस्ट टायमरमुळें. अमेरिकेंत दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारांत आलेलीं ‘फ्रॉस्ट-फ्री’ कपाटें आपल्याकडे 1991 नंतरच्या काळांत सर्रास दिसूं लागलीं. त्यांत नळ्या मागल्या पडद्याआड असतात आणि पंखा त्यांवरील गार हवा सर्वत्र खेळवितो. टायमर म्हणजे एक लहानशी मोटर, कांहीं दांतेरी चाकें आणि एक आलटून-पालटून जोडणारा खटका. सहा, आठ किंवा बारा तास तो काँप्रेसरला वीज देतो. मग ती तोडून वीस-तीस मिनिटें नळ्यांजवळील हीटरकडे वळवितो. नळ्या पुरेशा तापल्या कीं थर्मोस्टॅट हीटर बंद करतो.

हें घड्याळ बिघडतें तें दोन प्रकारें. गारव्याच्या पाळींत अडकलें तर पडद्यामागें हिम सांचून हवेची वाट बुजते. वरचा कप्पा गार भासतो, खालचा मात्र उबदार होतो. हीटरच्या पाळींत अडकलें तर काँप्रेसर सुरूच होत नाहीं. कुशल कारागीर आधीं टायमरची खांच पेंचकसानें हळूहळू फिरवितो. खट् असा आवाज होऊन काँप्रेसर थांबला आणि हिम वितळूं लागलें, तर हीटर शाबूत आहे. दोष घड्याळाचा असण्याचाच संभव अधिक. मग तो खांचेवर खूण करून कांहीं तासांनीं पाहतो. वीज चालू असून खूण हलली नसेल, तर निदान पक्कें. उलट हीटर तापतच नसेल, तर टायमर बदलणें व्यर्थ. हीटर व थर्मोस्टॅट तपासले पाहिजेत. बदलतांना प्रथम विजेची जोडणी काढावी, तारांचे रंग व जागा टिपून घ्याव्या, आणि तितक्याच तासांचा, त्याच दाबाचा व तशाच जोडणीचा टायमर बसवावा.

वीज गेली कीं हें घड्याळही थांबतें आणि वीज येतांच जेथें थांबलें तेथून पुढें चालतें. भारनियमनाचीं वर्षें पाहिलेल्या विदर्भांत त्याचे आठ तास कित्येकदां भिंतीवरच्या घड्याळाशीं जुळत नसत.

परंतु जेथें जिवाचा प्रश्न आहे, तेथें हें काम टायमरवर सोंपविलेलें नाहीं. 1985 सालीं सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसींसाठीं बर्फाच्या अस्तराचीं शीतकपाटें आलीं. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तीं लस 2 ते 8 अंशांत राखूं शकतात. पोलिओच्या लसीला उष्णता बाधते, तर धनुर्वाताची लस गोठली कीं निकामी होते. हीटरच्या पाळीनें आंतलें तपमान वरखालीं होणें अशा ठिकाणीं परवडत नाहीं. म्हणून तेथें सकाळ-संध्याकाळ तपमान लिहिलें जातें. हिमाचा थर पांच मिलिमीटरांहून जाड झाला, तर लस आधीं दुसऱ्या शीतपेटींत हलवून मग कपाट बंद केलें जातें.

घरच्या कपाटांत आतां टायमरची जागाही पुष्कळदां इलेक्ट्रॉनिक पट्टीनें घेतली आहे. तरी घाटंजी वा झरी-जामणी तालुक्यांतील आरोग्य केंद्राच्या कपाटांत बालकाची लस सुरक्षित राहते ती कोणीतरी रोज दोनदां झांकण उघडून पारा पाहतो म्हणूनच. यंत्र थंडी निर्माण करतें. ती राखण्याची जबाबदारी अद्याप माणसाकडेच आहे.