चाकावरचा पहिला धडा आणि नाशिकची खापरे

कुंभारकामाचा पहिला धडा मडके घडवण्याचा नसतो. फिरत्या चाकाच्या मध्यावर मातीचा गोळा स्थिर करण्याचा असतो. गोळा थोडा जरी कलला तरी भांड्याची भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ होते आणि उंची घेता घेता कोसळते. मध्य साधला की अंगठ्याने खळगा पाडायचा, आतल्या-बाहेरच्या बोटांच्या दाबाने माती वर उचलायची, आणि शेवटी दोऱ्याने भांडे चाकावरून कापून घ्यायचे. ही विद्या पोथीतून नव्हे, हातातून हातात जाते. मग तिचा इतिहास वाचायचा कोठे?

खापरांवर. चाकावरच्या भांड्याच्या आतल्या अंगाला बोटांच्या समांतर वलयरेषा राहतात. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकची मातीची गढी आणि प्रवरेकाठचे जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्वे संस्कृतीची (इ.स.पू. सुमारे १४०० ते ७००) भांडी चाकावरची आहेत : लाल अंगावर काळी नक्षी, भाजणी इतकी पक्की की टिचकी मारताच खणखणीत आवाज यावा. मात्र याच लोकांचे साठवणीचे मोठे रांजण आणि मृत बालकांना पुरण्याचे कुंभ हाताने घडवलेले आहेत. चाक आले आणि हात मागे पडला, असे सरळ चित्र येथे दिसत नाही. दोन्ही रीती शेजारी नांदत होत्या.

पुढे लेखन आले. पण कारागीर त्यात कितपत आला? पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील लेख आहे. शक अग्निवर्म्याची कन्या विष्णुदत्ता हिने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांपैकी १००० कार्षापणे 'कुलरिकां'च्या श्रेणीकडे होती. हे बहुधा कुंभार, असे अभ्यासक मानतात. श्रेणीची पत एवढी की तिच्याकडे कायमची ठेव ठेवावी. तरी दगडावर नाव उरले ते दात्रीचे आणि तिच्या कुळाचे. श्रेणीतल्या एकाही माणसाचे नाव तेथे नाही.

मराठीने एका कुंभाराचे नाव मात्र जिवापाड जपले. गोरोबाकाकांच्या दोन प्रसिद्ध कथा आठवाव्यात. एकीत ते माती तुडवतात आणि भजनाच्या तंद्रीत पोटचे मूल पायाखाली येते; दुसरीत थापटण्याने संतांची डोकी पारखतात आणि नामदेव कच्चे ठरतात. एक क्रिया चाकाच्या आधीची, दुसरी चाकानंतरची. ऐन चाकावरचा क्षण या कथांत नाही. गदिमांनी 'प्रपंच' (१९६१) चित्रपटातील गीतात चाक मध्यभागी आणले, पण त्यावर बसवले विठ्ठलाला.

माणसाचा हात चाकावर कसा चालला, याची नोंद म्हणूनच साहित्यापेक्षा खापरावर अधिक सापडते. संग्रहालयात जोर्व्याचे खापर दिसले तर नक्षीपाशी थांबू नये. आतल्या बाजूच्या रेषाही पाहाव्यात. लेखात ज्यांची नावे आली नाहीत, त्यांची बोटे तेथे उमटली आहेत.