पुढचे शॉकअप ‘कडक’ करण्यापूर्वी

अहिल्यानगर जिल्ह्यात वाडीवस्तीवरून डेअरीपर्यंत दूध पोहोचते ते बहुधा मोटारसायकलवरून. मागे दोन बाजूंना कॅन, कधी त्यावर वाढ्यांची मोळी. खड्ड्यात पुढचे चाक आदळू लागले की गॅरेजमध्ये मागणी ठरलेली असते : पुढचे शॉकअप कडक करून द्या. मेकॅनिक फोर्कच्या नळीचे झाकण उघडून स्प्रिंगवर पाइपचा एखादा तुकडा बसवतो. गाडीचे नाक वर येते आणि चालकाचे समाधान होते. प्रत्यक्षात स्प्रिंग मात्र कडक झालेली नसते.

नळीत बसवताना स्प्रिंग मुळातच थोडी दाबलेली असते. हा आधीचा दाब म्हणजे प्रीलोड. समजा, दोन्ही स्प्रिंगा मिळून १ मिलिमीटर दाबण्यास १.४ किलो भार लागतो आणि त्या आधीच २० मिमी दाबलेल्या आहेत. म्हणजे पहिले २८ किलो तिथेच तोलले गेले. फोर्कवर ७० किलो भार आला, तर उरलेल्या ४२ किलोंनी गाडी ३० मिमी बसेल. प्रीलोड १० मिमीने वाढवला, तर ती २० मिमीच बसेल. पण त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबण्यास पूर्वीइतकेच १.४ किलो लागतील. प्रीलोडने बदलते ती गाडीची उंची. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि व्यास यांवर ठरतो.

वाहनांच्या चाचण्यांसाठी देशभर परिचित असलेली ‘व्हीआरडीई’ ही संशोधन संस्था नगरलाच आहे. परंतु ही तपासणी करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. मोजपट्टी आणि दोन मदतनीस पुरेत. प्रथम पुढचे चाक जमिनीवरून पूर्ण उचलून फोर्कच्या चकचकीत नळीचा उघडा भाग मोजावा. मग चालकाने नेहमीच्या बैठकीत, दोन्ही पाय वर घेऊन बसावे आणि मदतनिसांनी गाडी सरळ धरावी. फोर्क एकदा दाबून सोडल्यावर आणि एकदा वर उचलून अलगद सोडल्यावर, अशी दोन मापे घेऊन सरासरी काढावी. सीलच्या घर्षणामुळे ही दोन मापे सहसा जुळत नाहीत. पहिल्या मापातून ही सरासरी वजा केली की गाडी किती बसते ते कळते. फोर्कच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे १२० मिमी हालचाल असल्यास ३० ते ४० मिमी, हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते.

गाडी याहून जास्त बसत असेल तर प्रीलोड वाढवावा, कमी बसत असेल तर घटवावा. मात्र प्रीलोड बराच वाढवूनही फोर्क तळाला आदळत असेल, तर स्प्रिंगच मऊ आहे किंवा थकली आहे. अशा वेळी तुकड्यावर तुकडा चढवल्यास वेढे एकमेकांना भिडण्याचा धोका असतो. झाकण उघडण्यापूर्वी गाडीचा पुढचा भाग भक्कम आधारावर उचललेला असावा. दाबलेली स्प्रिंग झाकण जोरात उडवू शकते.

आता दुधाच्या कॅनकडे वळू. ४० लिटरचे दोन भरलेले कॅन म्हणजे नुसते दूधच सुमारे ८२ किलो. ६५ किलोचा चालक धरला, तर रिकाम्या कॅनचे वजन सोडूनही बेरीज १४७ वर जाते. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांची भारक्षमता मात्र १३० किलोच्या आसपास असते. शिवाय हा भार मागच्या आसाजवळ किंवा त्याच्याही मागे लटकतो. गाडी मागे बसते, पुढे हलकी होते आणि हँडल तरंगू लागते. त्यातच पुढचा प्रीलोड वाढवला, तर नाक आणखी वर येते. करंजी घाटासारख्या चढावर हे अधिक जाणवते. अशा गाडीत आधी मागच्या शॉकअपची खाचांची कडी पानाने फिरवून, दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर वाढवायला हवी. क्षमतेपलीकडच्या भाराला मात्र कोणतीही खाच पुरत नाही.

तेलाचेही असेच. फोर्कमधील तेल उभ्या गाडीचा भार पेलत नाही. ते स्प्रिंगच्या उसळीला आवर घालते. कडकपणासाठी जादा तेल ओतले की वरची हवेची पोकळी आकसते, हवा अतिदाबाखाली येते आणि सील गळू लागते. डिस्क ब्रेकच्या गाडीत ते तेल ब्रेक पॅडपर्यंत पोहोचले, तर उतारावर ब्रेक लागेलच याची खात्री नाही. प्रमाण आणि प्रत गाडीच्या पुस्तिकेनुसारच ठेवावी. स्प्रिंगची मोकळी लांबी पुस्तिकेतील मर्यादेखाली गेली असल्यास दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात.