उंबरठ्याआतील विद्याभ्यास

घर सांभाळून शिकणे ही आजकालची टूम नव्हे. १८७३ साली रमाबाई रानडे यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच शिकविले. परंतु घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचले नाही. पुस्तक होते, शिकविणारेही होते; उणीव होती ती सोबतीणीची. पुढे याच रमाबाईंच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले व प्रौढ स्त्रिया एकत्र बसून शिकू लागल्या.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापून मातृभाषेतून उच्च शिक्षण सुरू केले. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने टपालाने पाठ धाडण्यास आरंभ केला. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. घरी पुस्तके आणि गावोगाव अभ्यासकेंद्रे अशी तेथील पद्धत. २०२० च्या साथीत तर वर्गच मोबाईलवर आला.

आपल्या पिंपरीत १९५४ साली पेनिसिलीनचा कारखाना आला. मागोमाग आकुर्डी, भोसरी व चाकणपर्यंत कारखाने पसरले. त्यांच्याबरोबर दूरदूरची कुटुंबे आली. पाळ्यांप्रमाणे डबे भरणारी येथील गृहिणी चाळिशीत एम. ए.ला नाव घालते, तेव्हा विद्यापीठही दूर असते आणि माहेरही.

मग पासवर्ड विसरतो, मुलाला पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो, स्वाध्यायाची तारीख टळते. तीन तास सलग लिहिण्याची हाताची सवयही मोडलेली असते. ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून ती पुस्तक मिटते. वास्तविक तिची बुद्धी कमी पडलेली नसते. सोबत कमी पडलेली असते.

ही सोबत आपले मंडळ देऊ शकेल. आठवड्यातून एक दुपार खोली अभ्यासासाठी मोकळी ठेवावी. आधी शिकलेलीने नवीला मोबाईलवर पहिला पाठ उघडून दाखवावा. स्वाध्यायाच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात. परीक्षेपूर्वी घड्याळ लावून एकत्र उत्तरे लिहावीत. आणि परीक्षेच्या दिवशी तिच्या घरचा डबा शेजारणीने करावा. रमाबाईंना घरात जे लाभले नाही, ते एवढ्याने आपल्या भगिनीला लाभेल.