समुद्रकाठचे मैदान कोणाचे?

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, असे आपण सर्वजण धरून चालतो. हिरवळ, पांढरी टोपी, दाराशी मोटारींची रांग आणि मागून पिशवी घेऊन चालणारा एक गडी, हे चित्र सिनेमाने आपल्या डोळ्यांपुढे पक्के केले आहे. हे चित्र खोटे नाही. पण ते अर्धे आहे. उरलेला अर्धा इतिहास सांगावा म्हणून आम्ही आज उभे आहोत. रेल्वे कामगारांच्या युनियनमध्ये ज्याचे आयुष्य गेले, त्याने या विषयाला हात का घालावा, असे श्रोत्यांच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुढे आपोआप मिळेल. कारण या इतिहासात रेल्वे आहे, ओझे वाहणारे आहेत, आणि सार्वजनिक जमीन तर पहिल्या पानापासून आहे.

प्रथम जमीन पाहू. स्कॉटलंड आणि आयर्लंड येथे समुद्र व शेती यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांचा एक पट्टा असतो. त्याला तिकडे लिंक्स म्हणतात. तेथे वाळूच फार, म्हणून नांगर चालत नाही. खारा वारा, म्हणून झाड तग धरत नाही. उगवते ते बारीक, चिवट गवत. मेंढ्या ते खुडून आखूड ठेवतात. वाऱ्याला आडोसा म्हणून जेथे मेंढ्या दाटीने बसतात, तेथील गवत झिजून वाळूचे खड्डे पडतात. आज गोल्फच्या मैदानात असे खड्डे यंत्राने खणतात. मूळचे खड्डे मेंढ्यांनी केले, असे तिकडचे लोक सांगतात. म्हणजे आपण ज्याला गायरान म्हणतो, तशीच ही जमीन. पिकाला निरुपयोगी, म्हणून कोणा एकाची नाही. आणि कोणा एकाची नाही, म्हणून सर्वांची. गुरे चारा, धुणे वाळवा, ससे धरा, आणि वेळ उरला तर काठीने चेंडू मारा.

हा खेळ तेथे इतका लोकांचा होता की 1457 मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने त्याच्यावर बंदी घातली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावतात, ही सरकारची तक्रार होती. जो खेळ मूठभर सरदारच खेळतात, त्याच्यावर सरकार बंदी घालीत नाही.

सेंट अँड्र्यूज हे या खेळाचे पंढरपूर. तेथील नगरपालिका कर्जात बुडाली आणि 1797 मध्ये तिने किनाऱ्याची ही जमीन सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती दिली. सशांनी मैदान पोखरून टाकले. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात कोर्टकचेरी सुरू झाली आणि ती वर्षानुवर्षे चालली. अखेर 1821 मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. तरी जमीन खाजगीच राहिली. ती गावाच्या मालकीची झाली 1894 मध्ये, पार्लमेंटने केलेल्या खास कायद्याने. आजही तेथील सर्वांत जुने मैदान कोणत्याही क्लबाच्या मालकीचे नाही. मोठ्या स्पर्धा सोडल्या, तर रविवारी तेथे खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांना घेऊन त्या हिरवळीवर फिरतात. जगातील सर्वांत नामांकित गोल्फचे मैदान हे गावाची सार्वजनिक जागा आहे, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

आता आयर्लंडकडे वळू. तेथे पहिला टिकाऊ क्लब 1881 मध्ये बेलफास्टला निघाला. स्कॉटिश व्यापारी आणि इंग्रजांच्या पलटणी यांनी हा खेळ तिकडे रुजवला. पश्चिम किनाऱ्यावरचा लाहिंच येथील क्लब 1892 चा. लिमरिकचे खेळाडू आणि ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीतील अधिकारी यांनी तो काढला. ही वर्षे आयर्लंडात कशी होती, हे विसरून चालणार नाही. 1879 मध्ये मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने तेथे कुळांची लँड लीग उभी राहिली. 1880 मध्ये मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सर्वांनी व्यवहार तोडला, आणि त्याच्या नावावरून बहिष्काराला जगभर नवा शब्द मिळाला. एकीकडे कुळे वावरासाठी झगडत होती, दुसरीकडे किनाऱ्यावर क्लबांची आखणी होत होती. एकाच दशकाच्या या दोन कथा आहेत; एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या तरच दोन्ही नीट कळतात.

या क्लबांपर्यंत माणसे आणली ती रेल्वेने. न्यूकॅसल या किनाऱ्यावरच्या गावी 1889 मध्ये क्लब निघाला. बेलफास्ट अँड काउंटी डाउन रेल्वेने तेथे मोठे हॉटेल बांधले, ते 1898 मध्ये उघडले. रेल्वेचा हिशेब सोपा होता. मैदान चालले की गाडी भरते, आणि गाडी भरली की हॉटेल भरते.

2019 च्या उन्हाळ्यात आम्ही आयर्लंडला गेलो ते गोल्फ पाहावयास नव्हे. आमचा पुतण्या तिकडे नोकरीस आहे. त्याने सांगितले, "काका, इथे एका रुळावर चालणारी गाडी होती, तुम्ही बघाच." रुळांच्या गावच्या माणसाला एवढे पुरे झाले. पूर्णा–अकोला मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला तो 2008 मध्ये. दोन रुळांमधले अंतर वाढले की गावाचे काय होते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. पण एकच रूळ असल्यावर अंतर मोजायचे कशाशी?

लिस्टोवेल ते बॅलिबुनियन हे अंतर सुमारे 15 किलोमीटरचे. 1888 मध्ये शार्ल लार्तिग या फ्रेंच इंजिनियरच्या पद्धतीने तेथे ही गाडी सुरू झाली. जमिनीपासून हातभर उंचीच्या लोखंडी घोड्यांवर एक रूळ, आणि डबे त्याच्या दोन्ही अंगांना लोंबते. अल्जीरियात उंटाच्या पाठीवर दोन बाजूंना सारखी ओझी लादलेली पाहून लार्तिगला ही कल्पना सुचली, असे सांगतात. गाढवाच्या पाठीवर विटा लादणारा आपला वीटभट्टीवाला जो नियम पाळतो, तोच येथे गार्डला पाळावा लागे: दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे. एकीकडे जाड प्रवासी बसले तर दुसरीकडे दोन सडपातळ बसवायचे. गाय पाठवायची तर तोलासाठी समोर दोन वासरे चढवावी लागत, अशी गोष्ट तेथे अजून रंगवून सांगतात. ही गाडी किनाऱ्याची वाळू शेतकऱ्यांकडे खत म्हणून नेई, आणि परतताना समुद्रस्नानाला व गोल्फला येणारी माणसे आणी. यादवी युद्धात तिचे फार नुकसान झाले आणि 1924 मध्ये ती बंद पडली. आज लिस्टोवेलला तिचे संग्रहालय असून थोड्या अंतरापुरती तशीच गाडी पुन्हा चालवून दाखवतात.

ज्या रेषेचा शेवट समुद्रावर होतो, तेथपर्यंत गेलेच पाहिजे, म्हणून आम्ही बॅलिबुनियनला गेलो. तेथील क्लब 1893 चा. पहिल्या खेळपट्टीच्या उजव्या अंगाला जुने कबरस्तान आहे. पहिलाच फटका चुकला तर चेंडू थडग्यांत. पुढे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्याखाली अटलांटिक महासागर. वारा इतका की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले. आम्ही खेळलो नाही. परवानगी काढून कडेकडेने फिरलो. झाड एकही नाही. जमीन माणसाने सपाट केलेली नाही, समुद्राने जशी दिली तशीच ठेवली आहे. 1970 नंतरच्या दशकात समुद्र हा कडा खाऊ लागला, तेव्हा क्लबाने देशोदेशींच्या खेळाडूंकडून वर्गणी मागून तो सावरला. कड्याखालचा वाळूचा किनारा मात्र सर्वांना मोकळा आहे. वर फी भरून खेळणारे, खाली फुकट पोहणारी पोरे. दोघांनाही तोच वारा लागत होता.

तेथे मनात एक प्रश्न आला, आणि तोच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. क्लबघरांच्या भिंतींवर विजेत्यांची आणि अध्यक्षांची नावे सोनेरी अक्षरांत असतात. पिशव्या वाहणाऱ्यांची नावे कोठे असतात? या कामकऱ्याला कॅडी म्हणतात; मूळ फ्रेंच शब्द धाकट्या मुलाला लावीत. वारा किती, चेंडू कोठे पडेल, कोणती काठी घ्यावी, हे तो जाणतो. फटका मारतो दुसरा. लाहिंचच्या मैदानावर शेळ्या चरत. त्या क्लबघराजवळ आल्या की पाऊस येणार, असे लोक समजत. त्या शेळ्या मूळच्या एका कॅडीच्या, असे म्हणतात. शेळी क्लबाच्या बोधचिन्हावर जाऊन बसली. तिचा मालक बसला नाही.

दाराचा प्रश्न केवळ गरिबांपुरता नव्हता. डब्लिनजवळचा पोर्टमार्नक क्लब 1894 चा. तेथे स्त्रियांना सभासदत्व नव्हते. प्रकरण आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2009 मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला. कायद्याने दार उघडले नाही. ते 2021 मध्ये सभासदांच्याच मतदानाने उघडले. निकाल हरला म्हणजे लढा हरला असे नव्हे, हा धडा कोणत्याही युनियनने घ्यावा असा आहे.

हे सारे परदेशचे, असे म्हणून उठू नका; आता मुंबईला चला. तेथे गोल्फ क्लब निघाला 1842 मध्ये, म्हणजे आयर्लंडच्या पहिल्या क्लबाच्या सुमारे चाळीस वर्षे आधी. कारण उघड आहे: जेथे पलटण, तेथे खेळ. कुलाब्याच्या दक्षिण टोकाला अरबी समुद्राला लागून सैन्यदलाच्या क्लबाचे गोल्फ मैदान आजही आहे. आयरिश किनाऱ्याला आपल्याकडे जवळचे असे काही दाखवायचे, तर तेच.

पण मुंबईच्या मैदानाची खरी लढाई क्रिकेटवरून झाली. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर पारशी आणि हिंदू तरुण क्रिकेट खेळत. त्याच जागेवर युरोपीय साहेब घोडे घालून पोलो खेळत, आणि टापांनी मैदान उखडून जाई. साहेबांना स्वतःच्या जिमखान्याची राखीव हिरवळ होती. तिच्यावर घोडे जात नसत. 1880 नंतरच्या काही वर्षांत हिंदी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी या झगड्याची हकीकत लिहून 1897 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर पारशी, मुस्लिम व हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. अर्ज, सह्या, शिष्टमंडळ, पुन्हा अर्ज: आमच्या चळवळीची जी हत्यारे, तीच त्यांचीही होती. फक्त मागणी मजुरीची नव्हती, खेळायला जागेची होती.

1918 मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचा क्लब मुंबईत हाजीअलीजवळ उभा राहिला. युरोपीय क्लबांची दारे हिंदी माणसाला बंद असताना या क्लबाने दोघांनाही आत घेतले, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. पण आत आले ते संस्थानिक, गिरणीमालक, बॅरिस्टर. तेथून जवळच गिरण्यांची धुराडी होती. 1919 च्या जानेवारीत त्याच गिरण्यांतील लाखाच्या घरातले कामगार संपावर गेले. गोऱ्या-काळ्याची भिंत पडली तरी धुराड्याची भिंत उभीच होती.

आणि तिसरी भिंत आपली स्वतःची. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान राखण्याचे काम करीत. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते हिंदुस्थानातील श्रेष्ठ गोलंदाज झाले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण ते चांभार समाजाचे म्हणून पुण्यातील त्यांच्या संघातील सवर्ण खेळाडू आत चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. मैदानावर त्यांचा चेंडू चालत होता, पंगतीला त्यांचा स्पर्श चालत नव्हता.

अशीच एक हकीकत गोल्फची आहे. दरबान येथील पापवा सेवगोलम हे हिंदी वंशाचे, मूळचे कॅडी. काठी धरण्याची त्यांची रीत उलटी: डावा हात उजव्याच्या खाली. त्यांनी 1959, 1960 आणि 1964 मध्ये हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. 1963 मध्ये ते आपल्याच गावी, समुद्रकाठच्या दरबान कंट्री क्लबवर, नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकले. वर्णभेदाच्या नियमांमुळे त्यांना क्लबघरात प्रवेश नव्हता. गोरे खेळाडू आत छपराखाली होते, आणि विजेत्याने चषक घेतला बाहेर पावसात. ते छायाचित्र जगभर गेले आणि वर्णभेदी सरकारची जेवढी नाचक्की अनेक भाषणांनी झाली नसती, तेवढी त्याने झाली. पुढे सरकारने त्यांना स्पर्धांतूनच बाद केले. 1978 मध्ये ते निवर्तले.

श्रोतेहो, या सर्वांचे तात्पर्य काय? मैदान तयार करतात समुद्र, मेंढ्या, माळी आणि रूळ टाकणारे. त्याची मालकी ठरते कागदावर, आणि त्याची प्रतिष्ठा ठरते दारावर. म्हणून कोणत्याही मैदानाला तीन प्रश्न विचारावेत: जमीन मूळची कोणाची होती? काम कोण करते? आणि आत कोणाला बसू देतात?

आपल्या गावाला समुद्र नाही. पूर्णा नदी आहे, जंक्शन आहे, आणि रेल्वेच्या गावाला साजेसे मोकळे पटांगण आहे. अशी पटांगणे तालुक्याच्या गावोगावी आज एकेक करून आटत आहेत. कोठे कुंपण पडते, कोठे गाळे उभे राहतात, कोठे नुसता फलक लागतो आणि पोरे आपोआप यायची थांबतात. सेंट अँड्र्यूजच्या लोकांना गेलेली जमीन परत मिळवायला 97 वर्षे लागली. तेव्हा पहिले कुंपण पडते त्याच दिवशी चौकशी करावी. तो खर्च सर्वांत कमी. सातबारा काढावा, नगरपालिकेच्या ठरावांची नक्कल मागावी, सह्या गोळा कराव्यात. आणि मैदान राखल्यावर तेथे जो झाडू मारतो, पाणी शिंपतो, चुन्याची रेघ ओढतो, त्याला बक्षीससमारंभात मांडवाखाली खुर्ची द्यावी. पाऊस असो वा नसो.