सार्वजनिक वाहतूक सुविधांलगतची सेवावाहिन्यांची कामे

रेल्वेमार्ग, मेट्रोची भुयारे, उन्नत मार्ग, स्थानके आणि बस आगारे यांच्या खाली, वर किंवा लगत पाणी, मलनिस्सारण, वायू, वीज व दूरसंचार यांच्या वाहिन्या टाकणे, हलवणे अथवा दुरुस्त करणे, तसेच वाहतूक प्रकल्पाच्या बांधकामात अशा वाहिन्या सुरक्षित राखणे, यांचा या कामांत समावेश होतो. एकाच जागेत अनेक संस्थांची मालमत्ता असल्यामुळे या कामांची सुरक्षितता तंत्रज्ञानाइतकीच संस्थांमधील समन्वयावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

शहरातील वाहिन्या बहुधा रस्त्यांखालून जातात. मेट्रो व ट्रामचे मार्गही रस्त्यांच्याच कडेने, वरून किंवा खालून आखले जातात. त्यामुळे दोहोंची गाठ पडणे अटळ असते. जुन्या वाहिन्यांचे नकाशे अनेकदा अपूर्ण असतात. काही वाहिन्या नकाशातील खोलीवर नसतात, तर वापरातून गेलेल्या काही वाहिन्या जमिनीत तशाच राहिलेल्या असतात.

भुयारी स्थानके पुष्कळदा 'खणा व झाका' पद्धतीने बांधली जातात. या पद्धतीत रस्ता खोदून त्यावर तात्पुरती पोलादी किंवा काँक्रीटची फळी टाकतात, वरून वाहतूक चालू ठेवतात आणि खाली बांधकाम करतात. खोदकामात उघड्या पडलेल्या वाहिन्या खड्ड्यात टांगून आधार दिला जातो. मातीचा आधार गेलेली वाहिनी कंप आणि वजन यांमुळे सांध्यातून निखळण्याचा संभव असतो.

धोक्याचे स्वरूप

वायुगळती : नैसर्गिक वायूतील मुख्य घटक मिथेन होय. हवेतील त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असताना मिश्रण स्फोटक बनते. उघड्यावर वायू विरून जातो. परंतु भुयारात किंवा झाकलेल्या खड्ड्यात तो साचतो. गटारे व केबलच्या नळ्या यांतून तो गळतीच्या जागेपासून दूरही पोहोचतो.

विद्युत धोका : भारतीय रेल्वेच्या ओव्हरहेड तारांमध्ये २५,००० व्होल्ट दाबाचा प्रवाह असतो. अशा तारेला प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही तरी जवळ गेलेल्या क्रेनमधून किंवा लोखंडी सळईतून विजेचा झटका बसू शकतो. त्यामुळे तारांपासून किमान दोन मीटर अंतर राखण्याचा नियम आहे.

भटके प्रवाह : कोलकाता आणि बंगळुरू मेट्रोप्रमाणे जेथे ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह तिसऱ्या रुळातून दिला जातो, तेथे परतीच्या प्रवाहाचा काही अंश जमिनीत झिरपतो. तो लगतच्या धातूच्या नळातून वाहत गेल्यास नळाची झीज वेगाने होते.

जमीन खचणे : खोदकाम, भूजल उपसा किंवा फुटलेली जलवाहिनी यांमुळे माती वाहून जाते व रुळांची पातळी बिघडते. काही मिलिमीटरचा फरकही धावत्या गाडीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरू शकतो.

समन्वयाचे टप्पे

कामाच्या आखणीच्या वेळीच वाहिन्यांचे मालक व वाहतूक संस्था यांच्याकडून नकाशे मागवले जातात. त्यानंतर केबलशोधक यंत्र आणि भूभेदी रडार यांच्या साहाय्याने जागेची पाहणी होते. तथापि, यंत्राने दाखवलेली जागा अंदाजे मानली जाते. तिची खात्री हाताने खणलेल्या चाचणी खड्ड्यांतून केली जाते. वाहिनी डोळ्यांना दिसेपर्यंत तिच्या जवळ यांत्रिक खोदाई करू नये, हा मूलभूत नियम होय.

रुळांलगतच्या कामासाठी रेल्वेकडून ब्लॉक, म्हणजे ठरावीक काळापुरती गाड्यांची वाहतूक किंवा वीजपुरवठा बंद ठेवण्याची परवानगी, घ्यावी लागते. मुंबईच्या उपनगरी मार्गावर रविवारी घेतला जाणारा मेगाब्लॉक प्रवाशांच्या परिचयाचा आहे. वीज बंद झाल्याचा लेखी निरोप आणि तारांचे भूयोजन यांशिवाय काम सुरू केले जात नाही. रुळ न उखडता खालून नळ न्यायचा असल्यास तो ढकलून बसवण्याची, अर्थात खोदाईविरहित पद्धत वापरली जाते.

काम चालू असताना रुळ, भुयार व इमारती यांच्या हालचाली मोजल्या जातात. 'इशारा' आणि 'काम थांबवा' अशा दोन पातळ्या आधीच निश्चित केलेल्या असतात. गळती झाल्यास कोणी कोणाला कळवावे, परिसर कोणी रिकामा करावा आणि झडप कोणी बंद करावी, हेही आधी ठरवून ठेवावे लागते.

उल्लेखनीय दुर्घटना

ओसाका (१९७०) : ८ एप्रिल १९७० रोजी जपानमधील ओसाका शहरात भुयारी रेल्वेच्या बांधकामात उघड्या पडलेल्या वायुवाहिनीचा सांधा निखळला. रस्त्यावरील फळ्यांखाली वायू साचला. वायुकंपनीच्या वाहनाने पेट घेतल्यावर ती आग पाहण्यासाठी लोक त्याच फळ्यांवर जमले आणि त्यानंतर मोठा स्फोट झाला. त्यात ७९ जण मृत्युमुखी पडले व ४२० जण जखमी झाले.

शिकागो (१९९२) : शिकागो नदीत किंझी स्ट्रीट पुलाजवळ रोवलेल्या खांबांमुळे नदीतळाखालील जुन्या मालवाहू भुयाराला तडा गेला. या भुयारांतून केबल नेलेल्या होत्या. केबल दूरचित्रवाणीच्या कामगारांना ही गळती जानेवारी १९९२ मध्ये आढळली. दुरुस्ती मात्र लांबणीवर पडली. १३ एप्रिल १९९२ रोजी नदीचे पाणी भुयारांत शिरून मध्यवर्ती शहरातील इमारतींची तळघरे भरली आणि भुयारी रेल्वेची सेवाही विस्कळीत झाली.

दैगू (१९९५) : २८ एप्रिल १९९५ रोजी सकाळी दक्षिण कोरियातील दैगू शहरात मेट्रोच्या खोदकामात स्फोट होऊन १०१ जणांचा मृत्यू झाला व सुमारे २०० जण जखमी झाले. शाळेला निघालेली अनेक मुले मृतांमध्ये होती. मेट्रोच्या कामापासून वेगळ्या असलेल्या, जवळच्या एका इमारतीच्या कामावर जमिनीत छिद्र पाडताना वायुवाहिनी भेदली गेली होती. बाहेर पडलेला वायू गटारातून मेट्रोच्या खड्ड्यात पोहोचला. वाहिनी फुटल्याची सूचना वेळेवर दिली गेली नव्हती. (२००३ साली याच शहरात मेट्रोगाडीला लागलेली आग ही वेगळी दुर्घटना होय.)

या तिन्ही घटनांमध्ये स्फोटाची किंवा पुराची चाहूल कोणाला ना कोणाला आधी लागलेली होती. ती माहिती योग्य ठिकाणी वेळेत पोहोचून तिच्यावर कृती झाली नाही, हा त्यांतील समान दुवा होय.

सूचनाव्यवस्था

अमेरिकेत खोदाईपूर्वी ८११ या क्रमांकावर कळवण्याची सोय २००७ पासून देशभर लागू आहे. सूचना मिळाल्यावर संबंधित संस्था जमिनीवर रंगाच्या खुणा करतात : विजेसाठी लाल, वायूसाठी पिवळा, दूरसंचारासाठी नारिंगी, पिण्याच्या पाण्यासाठी निळा आणि मलनिस्सारणासाठी हिरवा.

भारतात २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' या मोबाइल उपयोजनाचे उद्घाटन झाले. खोदाई करणारी संस्था आणि जमिनीखालील मालमत्तेची मालक संस्था यांचा संपर्क त्याद्वारे साधला जातो. मेट्रो रेल्वे (बांधकाम कामे) अधिनियम, १९७८ हा कायदा मेट्रो बांधकामाशी संबंधित असून तो प्रथम कोलकाता मेट्रोसाठी लागू झाला. महाराष्ट्रात कुलाबा–वांद्रे–सिप्झ या ३३.५ किलोमीटर लांबीच्या मुंबई मेट्रो मार्गिका ३ वर २६ भुयारी स्थानके असून, दाट वस्तीतील अशा स्थानकांच्या बांधकामात वाहिन्यांचे स्थलांतर हा कामाचा प्रमुख भाग असतो. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचण्याचा धोका असल्याने रस्तेखोदाईची कामे त्यापूर्वी आटोपण्यावर महापालिकांचा भर असतो.

हेही पहा

मुंबई मेट्रो
कोलकाता मेट्रो
भूभेदी रडार